पाखरांचे हिवाळी पाणी

पाखरांसाठी पाणी फक्त उन्हाळ्यात ठेवावे, असे आपण समजतो. मला ते पटत नाही. काश्मीरकडे पाहा. तेथे 21 डिसेंबरपासून 'चिल्ले कलाँ' सुरू होतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे तुम्हाला सांगायला नको! त्या थंडीत श्रीनगरचे नळसुद्धा गोठतात. अंगणातल्या बुलबुलाला चोहीकडे बर्फ दिसतो. पण प्यायला पाणी नाही. बर्फ खावा, तर तो वितळवण्यात अंगातली ऊब खर्च होते. लोक दाणे टाकतात, पाणी मात्र विसरतात. तिथल्या प्रत्येक अंगणात उथळ थाळीत कोमट पाणी असावे. मिठाचे पाणी लवकर गोठत नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. पण मीठ पाखरांना घातक असते. पाणी गोठले, की बदलावे.