राजा की प्रजासत्ताक : कौल कोणी द्यावयाचा?

राजसत्ता ठेवावी की प्रजासत्ताक स्वीकारावे, हा प्रश्न काही देशांनी थेट जनतेपुढे ठेवून सोडविला आहे. इटलीने २ जून १९४६ रोजी असे सार्वमत घेतले. सुमारे ५४ टक्के मते प्रजासत्ताकाच्या बाजूने पडली आणि राजाला देश सोडावा लागला. ग्रीसनेही १९७४ साली सार्वमतानेच राजपदाला निरोप दिला. आपल्या नसरापूरच्या परिसरात मात्र असे काही घडले नाही. भोर येथील पंतसचिवांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणास संमती राजाची घेण्यात आली. प्रजेपुढे मतपेटी आली नाही.

तेव्हा कोणी विचारील, प्रजेला न विचारता घडलेला हा बदल लोकशाहीचा कसा म्हणावयाचा? प्रश्न रास्त आहे. तथापि त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. त्या दिवशी सार्वमत घेतले असते, तर मत कोणाला मिळाले असते?

१९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिश प्रांतांतसुद्धा मताचा अधिकार मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. ज्याला जमीन नाही, ज्याला शाळेच्या आत बसू दिले नाही, तो मतदारयादीत येणार कोठून? प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास एक मत आणि त्या मताची किंमत सारखी, ही गोष्ट भारतीय संविधानाने दिली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ती प्रत्यक्षात आली. सारांश, ज्या प्रजेचा कौल घ्यावयाचा, ती संपूर्ण प्रजा त्यापूर्वी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती. इटलीच्या स्त्रियांनीही राष्ट्रीय मतदानात प्रथम भाग घेतला तो १९४६ सालच्या त्या दिवशीच, हे येथे ध्यानात घ्यावे.

सार्वमत म्हणजे आपोआप लोकशाही, असेही समजू नये. सिक्कीममध्ये १४ एप्रिल १९७५ रोजी चोग्याल यांचे राजपद रद्द करून भारतात सामील होण्यास ५९,६३७ मते पडली आणि विरुद्ध १,४९६. लोकांना राजेशाही नको होती, हे स्पष्ट दिसले. परंतु राजपद जाणे आणि भारतात येणे हे दोन प्रश्न एकाच मतात बांधलेले होते आणि विधानसभेच्या ठरावानंतर अवघ्या चार दिवसांत मतदान उरकण्यात आले. यावरून इतकेच शिकावयाचे की, कौल घेताना प्रश्न कोण तयार करतो, विचारास वेळ किती देतो आणि मतदार निर्भय आहे की नाही, या तिन्ही गोष्टी मतांच्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

याहून मोठी मर्यादा आम्हांला महाडने शिकविली आहे. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला. १९२७ च्या मार्चमध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी त्या ठरावाप्रमाणे पाणी घेतले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने बहुमताने आपला ठराव मागे घेतला! पाण्याचा हक्क अखेर १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात शाबीत झाला. राज्याचे स्वरूप कोणते असावे, हे बहुमताने ठरवावे. माणूस माणूस आहे की नाही, हे मात्र बहुमताने ठरवावयाचे नसते. म्हणूनच समतेचा हक्क आणि अस्पृश्यतेची बंदी ही संविधानाने मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घातली.

बांधवांनो, राजेशाहीचे मूळ सिंहासनात नाही, ते जन्मात आहे. राजाचा मुलगा राजा, हे ज्या न्यायाने ठरे, त्याच न्यायाने महाराचा मुलगा वेसकर ठरत असे. एकाच्या वाट्यास गादी आली, दुसऱ्याच्या वाट्यास मेलेली ढोरे ओढणे आले, तत्त्व एकच. संस्थान १९४८ साली गेले, परंतु महारवतन रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडले. संस्थानिकांचे तनखे तर १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले. गादी उलथविण्यास एक दिवस पुरतो; जन्माची सत्ता उलथविण्यास पिढ्या लागतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बुद्धकालीन गणराज्यांची आणि भिक्षुसंघातील मतदानाच्या रीतीची आठवण दिली होती. त्याच भाषणात त्यांनी बजावले की राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते आणि सामाजिक समतेवाचून राजकीय समता टिकत नाही. ज्या समाजाने राजा घालविला आणि पुढाऱ्याच्या पायावर डोके ठेवले, त्याने राजा बदलला इतकेच.

आमच्या भागातील प्रजेला १९४८ साली विचारले गेले नाही, याची खंत करीत बसण्याचे कारण नाही. आज ग्रामसभा भरते, तेथे गावचा प्रत्येक मतदार सभासद आहे. गायरान, पाणी, स्मशानभूमीची वाट, घरकुलाची यादी, हे आपल्या जगण्याचे प्रश्न तेथेच निघतात. त्या सभेत आपल्या वस्तीची माणसे मागे उभी राहतात काय? आपल्या भगिनी घरीच राहतात काय? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे यादीत चढली आहेत काय? प्रत्येक कुटुंबाने हे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. प्रजासत्ताकाचा कौल एकदाच देऊन संपत नाही. तो प्रत्येक सभेत उभे राहून, ताठ मानेने, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.