नावाची पाटी आणि छत्रातला भात

मार्गळी महिना लागला की पापनाशमपासून कुंभकोणमपर्यंतच्या गावांत पहाटेच्या रांगोळ्यांना बहर येतो आणि त्याच सुमारास ख्रिस्ती घरांवर कागदी तारे झळकू लागतात. हे दृश्य आम्हांस प्रिय आहे. परंतु याच दिवसांत एक प्रथा हळूहळू बळावत चालली आहे व तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. नाताळात दिवंगत आईबापांच्या, पतीच्या किंवा अकाली गेलेल्या लेकराच्या नावे चर्चला काही द्यावे, ही भावना उदात्त आहे. प्रत्यक्षात दिले जाते ते काय? विजेच्या दिव्यांची माळ, वेदीवरील फुलांची आरास, एखादा पंखा. आणि पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचे नाव मृताच्या नावाहून ठळक अक्षरांत! हा रोग एकट्या ख्रिस्ती समाजाचा आहे असे कोणी समजू नये. देवळातील ट्यूबलाइटवर दात्याचे नाव इतके दाट रंगविलेले आम्ही पाहिले आहे की निम्मा उजेड त्या नावातच अडकून पडावा.

आमचे म्हणणे एवढेच की मृताचे स्मरण करण्याची याहून थोर रीत याच मातीत, आणि तीही मराठी माणसाच्या हातून, घडून गेलेली आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने ओरत्तनाडू येथे छत्र उभारले. तेथील पाषाणाचे काम देखणे आहे, यात शंका नाही. पण छत्राचा प्राण तेथे नव्हता. रामेश्वराच्या वाटेवरील आपल्या छत्रांचा कारभार कंपनीने आपल्याच हाती ठेवावा म्हणून राजांनी १८०१ साली रेसिडेंटास जे पत्र लिहिले, ते प्रत्येक धर्मादाय संस्थेच्या चालकाने वाचावे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही वाटसरू येवो, त्याला अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून मागे राहिलेल्यांस हाक दिली जाई. तान्ह्या मुलांना दूध, आजाऱ्यास वैद्य, गर्भवतीची सुखरूप सुटका व पुढील विश्रांती, पोरक्या मुलांस शिक्षण, आणि वाटेतच देह ठेवणाऱ्यास त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार! मुक्तांबाळचे रूप कसे होते हे आज कोणास सांगता येणार नाही. पण तिच्या नावाने अपरात्री वाजणारी घंटा उपाशी माणसाच्या कानी पडत होती, हे आम्हांस ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, ही राजाची गोष्ट. तिचा चर्चशी काय संबंध? संबंध अगदी जवळचा आहे. सरफोजींना पित्यासमान असलेले जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारले. राजा हिंदू होता व अखेरपर्यंत हिंदूच राहिला. तरी त्याने लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून आणले. मृत्युशय्येवरील वृद्ध गुरू आणि शेजारी राजा, असा तो देखावा तंजावरच्या चर्चमध्ये आहे. लेखही राजाने स्वतः रचला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. श्वार्ट्‌झच्या स्मरणार्थ कन्नंदगुडी येथे सुमारे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची सोय त्याने केली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हैदर अलीच्या स्वारीत तंजावर मुलूख उपाशी मरू लागला, तेव्हा आधीच तांदूळ साठवून ठेवणारा आणि भुकेल्यांना वाढणारा माणूस हाच श्वार्ट्‌झ होता. म्हणजे शिष्याने गुरूचेच काम पुढे चालविले. स्मरणार्थ दिलेल्या दानाची कसोटी आमच्या मते हीच: गेलेला माणूस हयात असता तर हा पैसा त्याने कोठे खर्चला असता?

सरफोजींना आम्ही संत ठरवू इच्छीत नाही. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली भोसल्यांची प्रचंड वंशकथा मराठीत कोरून घेणारा राजा नावाच्या मोहापासून मुक्त होता, असे कोण म्हणेल? शिवाय छत्राचा खर्च अखेर कावेरीकाठच्या रयतेच्याच घामातून येई. पण त्याच्यापाशी दगडालाही पैसा होता आणि भातालाही. आपल्यापाशी एकालाच पुरेल इतका असतो. तेव्हा निवड करणे भाग आहे.

आमच्या या मतावर एक आक्षेप असा घेतला जातो की तमिळनाडूत २०११ पासून रेशनचा तांदूळ फुकट मिळतो, मग आता जेवू घालायचे कोणाला? प्रश्न बरोबर आहे, निष्कर्ष मात्र आळशी आहे. छत्र म्हणजे केवळ भात नव्हे, हे १८०१ चे पत्रच सांगते. वैद्य, दूध, शिक्षण, अंत्यसंस्कार: यांपैकी कोणती गरज संपली? नाताळ येतो तेव्हा सांबा पीक शेतात उभे असते, कापणी तै महिन्यावर असते, आणि मजुराच्या हाताला काम थोडे. त्याच दिवसांत घर गळते, तंजावरच्या मोठ्या इस्पितळापर्यंत जाण्याचे बसभाडे उसने घ्यावे लागते, कॉलेजची फी तुंबते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा वादळाने याच ओरत्तनाडूकडील नारळीच्या बागा आडव्या केल्या. नाताळ तेथून जेमतेम सहा आठवड्यांवर होता. आणि २६ डिसेंबर २००४ ची सकाळ तर नाताळच्या दुसऱ्याच दिवसाची. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे समुद्राने नेली. त्या घरांतून सणाचा दिवस आणि श्राद्धाचा दिवस कायमचे शेजारी झाले आहेत. त्यांना आरास दाखवून काय साधणार?

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे व त्याची थट्टा करणे आम्हांस साधणार नाही. विधवा म्हणते, ‘वर्षातून एकदा त्यांचे नाव सर्वांसमोर उच्चारलेले मला ऐकायचे असते.’ तिचे बरोबर आहे. नाव अवश्य उच्चारावे. पाद्रीबुवांनी ते प्रार्थनेत घ्यावे, मोठ्याने घ्यावे. नाव भिंतीवर चढविण्यास आणि त्याची किंमत ठरविण्यास आमचा विरोध आहे. पाचशेला बारीक अक्षर व पाच हजारांना संगमरवर, असा भाव जेथे ठरतो तेथे गरीब विधवेचा नवरा दुसऱ्यांदा मरतो.

पापनाशमलगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथे नायकांच्या काळातले विटांचे धान्याचे कोठार आजही उभे आहे. तीन हजार कलम धान्य मावेल एवढा त्याचा घेर सांगतात. तंजावरला जाणाऱ्या आमच्या मराठी बांधवांनी राजवाडा पाहून परतण्याऐवजी ते एकदा पाहावे. आणि येथील ख्रिस्ती मंडळींपाशी आमची मागणी साधी आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वी सभा बोलवावी, आराशीची रक्कम बाजूला काढावी, तीत स्मरणार्थ आलेला पैसा घालावा आणि सण संपल्यावर हिशोब वाचून दाखवावा: औषधाला किती, फीला किती, छपराला किती. मृतांची सर्व नावे एका अक्षराची, एका रांगेत वाचावी. घेणाऱ्यांची नावे मात्र मुळीच वाचू नयेत.