‘गोल्डन रिट्रीव्हर चावत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

"डॉक्टर, घरचंच पिल्लू आहे. खेळता खेळता दात लागला. इंजेक्शन घ्यायलाच हवं का?"

मे महिन्याची सुट्टी असो की दिवाळी, हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी दवाखान्यात येतंच. सोबत आठ-दहा वर्षांचं मूल असतं आणि त्याच्या मनगटावर सुईच्या टोकासारखे दोन-तीन व्रण. चावून चार दिवस झालेले असतात, जखमेवर हळद लावलेली असते. पिल्लू वाढदिवसाला आणलेलं, गोल्डन रिट्रीव्हर, वय ‘दीड महिना असेल’. लस? "विकणाऱ्याने सांगितलं की सगळं झालंय." कार्ड? "कार्ड द्यायचं राहिलं."

मग ठरलेलं वाक्य येतं. "पण डॉक्टर, गोल्डन चावत नाहीत ना!"

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. कुत्र्यांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो.

दात सगळ्यांनाच असतात

गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने सौम्य असतो, हे खरं. पण तो सौम्यपणा मोठ्या, नीट वाढवलेल्या कुत्र्याचा. दोन ते पाच महिन्यांचं पिल्लू दिवसभर चावतं. जग ओळखायला त्याच्याकडे हात नाहीत, तोंड आहे. त्यातून ही जात मुळात तोंडाने वस्तू उचलून आणण्यासाठीच तयार झाली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, गिसाकन इथे, लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या इस्टेटीवर 1868 मध्ये या जातीची पहिली पिल्लं जन्मली. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी थंडगार पाण्यातून, झुडपातून अलगद उचलून आणायचा, हे त्यांचं काम. तुमच्या घरात पक्षी नाहीत, म्हणून ते मोजे, चपला, रिमोट आणि मुलांचे हात उचलतं.

पिल्लाचे दुधाचे दात टोकदार असतात आणि कातडीला सहज भोक पाडतात. रक्त आलं की वैद्यकीय भाषेत तो तिसऱ्या श्रेणीचा चावा. कुत्रा रस्त्यावरचा की सोफ्यावरचा, याने श्रेणी बदलत नाही.

पिल्लांना रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचं ‘सगळं झालंय’ हे वाक्य रेबीजपुरतं तरी खोटंच असतं. त्याची आई कुठे होती, तिला लस होती का, पिल्लू तुमच्याकडे येण्याआधी कोणाकोणाच्या संपर्कात आलं, यातलं तुम्हाला काहीच माहीत नसतं. पिल्लाला रेबीज असण्याची शक्यता कमी आहे, हे मलाही मान्य आहे. पण रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. एवढ्या मोठ्या नुकसानीपुढे ‘शक्यता कमी आहे’ हा हिशेब मी आईबापांना करू देत नाही.

म्हणून चावा लागला तर इतकं करा. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला वाटतं त्यापेक्षा 15 मिनिटं खूप मोठी असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लस आधी सुरू करायची. लक्ष ठेवणं लसीच्या जोडीला असतं, लसीऐवजी नाही. दहा दिवसांनी पिल्लू ठणठणीत असेल तर पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. उशीर झाला असेल तरी लाजून घरी बसू नका. चौथ्या दिवशी आलेल्या मुलालाही मी लस देतोच.

पंचवीस दिवसांचं पिल्लू आणि आपली घाई

आता ज्यांच्यावर माझा खरा राग आहे, त्यांच्याकडे वळतो. एक म्हणजे पंचवीस-तीस दिवसांची पिल्लं खोक्यात घालून विकणारे, आणि दुसरे म्हणजे ‘जितकं लहान तितकं चांगलं, लवकर लळा लागतो’ म्हणत ती घेणारे आपण.

केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान-प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रजनन करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादीची पिल्लं वर्षातून एकदाच घ्यायची. हे नियम हौशी लोकांनी केलेले नाहीत, त्यामागे शास्त्र आहे. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आई आणि भावंडांकडून एक मोठा धडा शिकतं, तो म्हणजे किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. हा धडा ज्याला मिळालाच नाही, ते पिल्लू तो तुमच्या मुलाच्या हातावर शिकतं.

दुसरं, जंत. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून ठरावीक अंतराने जंताचं औषध लागतं. ते न दिलेल्या पिल्लाच्या विष्ठेतून अंडी जमिनीत जातात, आणि अंगणात, वाळूत खेळून हात न धुता खाणाऱ्या मुलाच्या पोटात पोहोचतात. क्वचित ती अळी मुलाच्या डोळ्यापर्यंत जाऊन नजर अधू करते. तिसरं, पार्व्हो. घाईने आणलेलं पिल्लू आठवड्याभरात रक्ताच्या जुलाबांनी जातं, आणि आयुष्यातला पहिला मृत्यू मूल वाढदिवसाच्या फुग्यांखाली पाहतं.

तेव्हा पिल्लू घ्यायचंच असेल तर पिल्लाआधी त्याची आई बघा. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर निघून या. आईबापांच्या खुब्यांचे, दोन वर्षं वयानंतर काढलेले एक्स-रे मागा, कारण खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष या जातीत पिढीजात उतरतो. डोळ्यांची आणि हृदयाची तपासणी विचारा. वंशावळीचा कागद म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे. कोपऱ्यात दबून बसलेलं पिल्लू दया येऊन उचलू नका आणि सगळ्यांवर झेपावणारंही नको. जवळ येणारं, वास घेणारं, हातात धरल्यावर थोडं धडपडून शांत होणारं पिल्लू बघा.

पिल्लू हे औषध नाही

इथे आम्हा डॉक्टरांचंही चुकतं. मूल मोबाईल सोडत नाही, एकटं पडलंय, आजोबा गप्प गप्प असतात, अशा तक्रारींवर आमच्यातला कोणीतरी सहज म्हणून जातो, "एखादं कुत्रं पाळा की." मीही म्हणालो आहे. ते म्हणताना मात्र आम्ही डोस सांगत नाही, दुष्परिणाम सांगत नाही आणि औषध किती वर्षं चालणार तेही सांगत नाही.

ते आता सांगतो. मुदत दहा ते बारा वर्षं. आज दहा वर्षांचं असलेलं मूल बारावीला जाईल, शिकायला बाहेरगावी जाईल, आणि कुत्रा तुमच्याकडे राहील. वजन 25 ते 34 किलो. दिवसातून किमान दोनदा फिरवणं, पावसात आणि तापातही. वर्षभर गळणारे केस. घरात दमेकरी असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. ‘गोल्डनची ॲलर्जी होत नाही’ हा निव्वळ गैरसमज आहे.

आणि आजी-आजोबा. मुलं शाळेत, आईबाप कामावर, म्हणून पट्टा शेवटी त्यांच्याच हातात येतो. समोर मांजर दिसलं की तीस किलोचा कुत्रा झेप घेतो. त्या एका हिसक्याने मोडलेली मनगटं मी पाहिली आहेत. सत्तरीत मोडलेला खुबा म्हणजे काय असतं, ते ज्यांच्या घरी घडलं त्यांना विचारा. एकटेपणावर उपाय म्हणून आणलेला प्राणी माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो, आणि दोष त्या प्राण्याचा नसतो.

शिकवणं म्हणजे मारणं नव्हे

‘एक फटका दिला की सुधारतो’ हेही खूप ऐकतो. घरात लघवी केली म्हणून तासाभराने नाक घासल्याने पिल्लाला एवढंच कळतं की हा माणूस कधीही अंगावर येतो. भीतीने शिकलेला कुत्रा गुरगुरणं बंद करतो आणि सरळ चावतो.

खरं शिकवणं कंटाळवाणं असतं आणि त्याला वेळ लागतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर दर वेळी ठरलेल्या जागी न्या. जमलं की तिथल्या तिथे खाऊ द्या. चावलं की खेळ थांबवा, हात बाजूला घ्या, चावायला खेळणं द्या. घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. बाबा सोफ्यावर घेतात आणि आई ओरडते, यात पिल्लू काय शिकणार? साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन मोकळं असतं. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी, छत्री, लिफ्ट, वॉचमन, सगळं दाखवा. पट्टा ओढला की थांबायचं, सैल झाला की चालायचं, हे तिसऱ्या महिन्यापासून शिकवा. पंधरा किलोंनंतर ते अवघड होतं. आणि लहान मूल व पिल्लू यांना एका खोलीत एकटं सोडू नका. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, हे आधी मुलाला शिकवा.

आपल्या हवेचाही विचार करा. हा दुहेरी केसांचा, थंड प्रदेशातला प्राणी आहे. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री फिरवा. डांबरावर तुमचा तळहात पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पायही पोळतात. उकडतंय म्हणून केस सफाचट करू नका, ते उन्हापासूनही वाचवतात. पावसाळ्यात लेप्टोची लस विसरू नका. तो आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट वर्ज्य. आणि घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनची गोळी मनानेच देऊ नका, ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

मग घ्यायचं की नाही?

"मग तुम्ही कुत्रं पाळूच नका म्हणता का?" नाही. ज्या घरांनी हे सगळं केलं, तिथले गोल्डन मी पाहिले आहेत. त्यांच्याइतका समजूतदार सोबती क्वचितच मिळेल. पण त्या घरांनी पिल्लू वाढदिवसाला आणलं नव्हतं. त्यांनी आधी सहा महिने विचार केला होता.

तुम्हीही एक करून बघा. पिल्लाशिवाय तीन महिने रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला अर्धा तास चालायला जा, सगळ्या घराने पाळी लावून. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर कोण उरतं ते बघा. कोणी उरलं तर पिल्लू जरूर आणा, किंवा मालकाने सोडून दिलेला मोठा कुत्रा दत्तक घ्या. कोणीच उरलं नाही, तर तुमचा व्यायाम झाला आणि एका जिवाची फरफट टळली.

हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेचं मोल पिल्लू चुकवतं, आणि कधी कधी घरातलं सर्वांत लहान किंवा सर्वांत म्हातारं माणूस.