माठ बोलतो, पण पाझरत नाही

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला माठाचं आत्मवृत्त वेगळं सांगावं लागत नाही. ‘मुलांनो, मी माठ बोलतोय’ अशी सुरुवात. मग चाकावरचा जन्म, भट्टीतला दाह, उन्हाळ्यातला मानसन्मान आणि अखेर घरात फ्रीज आल्यावर अडगळीत पडल्याची खंत. छत्री असो, फळा असो की पडका वाडा, दुःख तेच, फक्त नाव बदलायचं. दहापैकी सात मार्क कुठे गेले नाहीत. या बोलक्या माठाला एवढंच सांगता येत नाही, की त्याच्या पोटातलं पाणी गार होतं कसं.

ते उत्तर त्याच दप्तरातल्या दुसऱ्या वहीत असतं. ‘बाष्पीभवनामुळे थंडावा निर्माण होतो’, एक मार्क. मराठीची वही आणि विज्ञानाची वही वर्षभर एकमेकींना खेटून असतात, पण त्यांची ओळख कुणी करून देत नाही.

वर्गात शिकलेलं रोजच्या वस्तूंशी निबंधातून जोडावं, असं सुचवलं की शिक्षकांच्या खोलीतून पहिलं उत्तर येतं, ‘ते तर आम्ही करतोच, माठ रोजचाच आहे की!’ पण वस्तूला तोंड दिलं म्हणजे वस्तूकडे पाहिलं असं होत नाही. आत्मवृत्तातला माठ लिहायला घरात माठ असावा लागत नाही, गाइड असलं की पुरतं.

त्याऐवजी सातवीतल्या मुलीला सांगून पाहावं, घरचा माठ दोन दिवस बघ आणि लिही. ‘पाणी गार होतं, कारण…’ इथपर्यंत ती झरझर येईल. पुढे पेन थांबेल. वहीतलं वाक्य तिथे आणून ठेवलं तरी ते बसत नाही, कारण माठ बाहेरून ओला का, हे त्यात नाही. मग हात लावून पाहणं आलं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्याच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात, म्हणजे हिशेबाने त्या एका ग्रॅमच्या बदल्यात ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरू शकतं. आई माठाला ओलं फडकं का गुंडाळते, हेही इथेच उलगडतं. आणि मुंबईच्या मावशीकडे तसलाच माठ नागपूरइतकं गार पाणी का देत नाही? दमट हवेत पाणी उडायलाच कुचरतं. ही शंका पाठांतरातून आली नसती. ‘कारण’ या शब्दापुढची रिकामी जागा भरताना ती आली.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या शिक्षकांचा: पोर्शन संपत नाही, त्यात निबंध कुठे घुसवायचा? टॉमस हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये नॉरिच इथल्या कामगारांपुढे व्याख्यान दिलं, विषय काय, तर खडूचा तुकडा. सुताराच्या खिशातल्या त्या तुकड्यापासून निघून तो समुद्रतळाच्या सूक्ष्म जीवांपर्यंत आणि पृथ्वीच्या इतिहासापर्यंत गेला. एका खडूत भूगोल, जीवशास्त्र आणि रसायन एकदमच उरकलं, वेळ उलट वाचला. (आपल्या फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तेव्हा ते व्याख्यान उतरून काढणारा फसेल. आधी खडूवर लिंबू पिळून फेस येतो का ते पाहावं.)

‘मुलांकडे शब्दच नसतात हो’, हा तिसरा आक्षेप, आणि सगळ्यांत लाडका. त्याच्या आधारावर नमुना-निबंधांचा धंदा चालतो. त्याला पुण्यातच दिलेलं उत्तर पावणेदोनशे वर्षांचं होत आलं. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमच्याकडे धर्मपुस्तक नाही, आणि पुस्तक नाही म्हणजे आम्ही धर्मरहित ठरतो, असा सरळ तर्क ती मांडते. तिथून ती थेट बाळंतिणीपाशी येते: डोक्यावर छप्पर नसताना आमच्या बायका बाळंत होतात, तेव्हा त्यांना थंडीवाऱ्यात काय सोसावं लागत असेल. शाळेत शिकलेला युक्तिवाद आणि वस्तीत पाहिलेलं बाळंतपण एकाच लेखात. शब्द तिला कुठल्या नमुन्याने पुरवले नव्हते.

कल्पनाशक्ती मरते म्हणणाऱ्यांना फार वेळ द्यायला नको. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक माठ फ्रीजवरच रुसत असेल, तर तिथे मरायला काही शिल्लक असेलसं वाटत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. साठ मुलांचा वर्ग, साठ वह्या, आणि प्रत्येकीत वेगळा माठ. साचेबंद निबंध तपासायला सोपा, डोळे अर्धे मिटून सात मार्क देता येतात. वेगळा निबंध वाचावा लागतो. शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडावं, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पहिलंच मार्गदर्शक तत्त्व म्हणून आलं, पण वह्यांचा गठ्ठा त्याने हलका झाला नाही. म्हणून काही वर्गांत वाट काढावी लागते: महिन्याला एकच निबंध, एका पानाचा. त्यातले पाच वर्गात मोठ्याने वाचायचे आणि चुका बाकीच्यांनी काढायच्या. ‘तुझा माठ प्लास्टिकच्या स्टँडवर आहे की वाळूवर?’ हा प्रश्न शिक्षकाआधी मागच्या बाकावरून येतो.

आणि कुणीतरी लिहितं, आजीचा जुना माठ आता गार करत नाही. का? शिक्षक म्हणतात, पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजली असतील. मग नव्या माठात छिद्रं आली कुठून? याचं उत्तर कुंभारवाड्यात. मातीत घोड्याची लीद मिसळतात, भट्टीत ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. पुढच्या सोमवारी वहीत ‘लीद’ हा शब्द येतो, वर्ग खो-खो हसतो, आणि बाई तो फळ्यावर लिहून घेतात.