नित्य आणि नैमित्तिक

आपल्या धर्मशास्त्राने कर्मांची जी वर्गवारी केली आहे, तीत पर्वकाळी किंवा ग्रहणासारख्या निमित्ताने करावयाचे ते नैमित्तिक, आणि निमित्ताची वाट न पाहता रोज करावयाचे ते नित्य, असा भेद सांगितला आहे. नित्यकर्माविषयी शास्त्रकारांनी घालून दिलेला दंडक मोठा मार्मिक आहे: ते केल्याने विशेष पुण्य पदरी पडत नाही, मात्र न केल्यास दोष लागल्यावाचून राहत नाही. रोजचे जगणे गांभीर्याने जगणे म्हणजे काय, याचे याहून नेमके लक्षण सापडणे कठीण. आणि ज्या नाशिकक्षेत्री या भेदाचे अध्ययन पिढ्यान्‌पिढ्या झाले, तेथेच त्याचा विसर पडावा, ही खेदाची गोष्ट आहे.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ जवळ आला की रस्ते रुंद होऊ लागतात, घाटांची डागडुजी होते, गोदावरीच्या शुद्धीकरणाचे आराखडे दप्तरातून काढून झटकले जातात आणि बंदोबस्ताच्या बैठकांना उसंत राहत नाही. २०१५ साली हे झाले, २०२७ च्या सिंहस्थासाठीही तेच चालले आहे. लक्षावधी यात्रेकरूंची सरबराई करावयाची म्हणजे एवढा खटाटोप हवाच. परंतु मधल्या वर्षांत सांडपाणी मुकाट्याने नदीत उतरत राहते आणि पाणवेल पात्रभर फोफावते, तेव्हा कारभाऱ्यांइतकेच आपण नागरिकही स्वस्थ असतो; निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावणारा हात कोणा खात्याचा नसतो, आपलाच असतो.

नित्याचे मोल ज्यांना कळले होते अशी माणसे याच जिल्ह्याने दिली आहेत. त्र्यंबकेश्वरी १८७० साली एका शास्त्र्याच्या घरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेत कॅमेरा खरेदी करून परतले, तेव्हा त्यांच्यापाशी ना भांडवल होते, ना कोणाचा भरवसा. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची एकेक चौकट टिपत राहिले. एखाद्या दिवसाच्या कामाने दाखविण्याजोगे काही घडले, असे त्यांना कधीही म्हणता आले नसते. पण त्या साऱ्या चौकटी ओळीने पडद्यावरून सरकल्या, तेव्हा बीजाला अंकुर फुटून त्याचा वेल होताना पाहणाऱ्यांना दिसला, आणि त्या चिमुकल्या चित्राच्या जोरावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करता आला.

३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईत लोकांसमोर आला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे जे श्रम होते, ते कोणत्याही समारंभात बसणारे नव्हते. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडावयाची, ती धुण्याची रसायने सिद्ध करावयाची, आणि एवढे करून सबंध मंडळीचा स्वयंपाकही रांधावयाचा, हा त्यांचा नेम होता. एक छिद्र चुकले तर फिल्म यंत्रात अडकणार, आणि सारी छिद्रे बिनचूक पडली तर ती पडली आहेत हे कोणाच्या ध्यानीही येणार नाही! पुढे फाळक्यांनी आपला चित्रव्यवसाय नाशिकला आणला आणि १९४४ साली येथेच देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आपण त्यांचे स्मारक उभारले; त्यांचा नेम मात्र उचलला नाही.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदाराला हे निराळे सांगावे लागत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलावर दिसणारा घड हा एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात, काडीच्या डोळ्यात सूक्ष्मरूपाने आधीच घडलेला असतो. त्या दिवसांत बागेत विकण्याजोगा एक मणीही नसतो, तरी पाणी, खत आणि शेंडा खुडणे यांत कुचराई झाली, तर ऑक्टोबरात कितीही धावाधाव केली तरी घड वाढवून मिळत नाहीत.

रोजच्या कामाला एवढे गांभीर्य दिल्यास जगणे रुक्ष होईल, असा आक्षेप कोणी घेईल. वस्तुतः माणसाला शीण आणते ते तुंबलेले काम. जे वेळच्या वेळी उरकले, ते मनावरून उतरते आणि हसण्याबोलण्याला जागा मोकळी करते. गांभीर्याला आंबट चेहऱ्याची गरज नाही. हाती घेतलेले काम कशासाठी आहे याचे भान, आणि कोणी पाहत नसतानाही ते इमानेइतबारे करण्याची सवय, एवढे त्याला पुरे.

म्हणून येत्या सिंहस्थाच्या आराखड्यांकडे पाहताना नाशिककरांनी निधीचे आकडे आणि घाटांची लांबी यांवर संतुष्ट होऊ नये. शेवटचा यात्रेकरू गावी परतल्यानंतरच्या साध्या सोमवारी घाट कोणी झाडावयाचा, नाल्यावर देखरेख कोणी ठेवावयाची आणि त्याची नोंद कोणत्या दप्तरी व्हावयाची, याची तजवीज ज्यात नाही, तो आराखडा अपुरा समजावा आणि तसे कारभाऱ्यांना स्पष्ट बजावावे. अर्थात, आपली पिशवी पुलावरून खाली न टाकण्याचा नेम आजपासून धरूनच.