साखरझोप आणि सोंड

मराठीत झोपेच्या शब्दांना तोटा नाही. पेंग आहे, डुलकी आहे, गुंगी आहे, जेवणानंतरची वामकुक्षी आहे. आणि परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षकाचा जो लागतो तो नुसता ‘डोळा’! पण या साऱ्या गोतावळ्यात मानाचा पाट द्यायचा तो साखरझोपेला. पहाटेच्या झोपेला ज्या कोणा अनामिकाने साखर लावली, तो नुसता रसिक नव्हता, चांगला निरीक्षकही होता. झोपेत स्वप्नांची म्हणून एक वेगळी अवस्था असते, हे शिकागोच्या संशोधकांनी १९५३ साली जगाला सांगितले. ही अवस्था साधारण दर दीड तासाने येते आणि रात्र सरत जाते तसतशी लांबत जाते. म्हणजे स्वप्नांचा मोठा वाटा पहाटेच्याच पानात वाढलेला असतो.

माझी तक्रार आहे ती या वाढपाविषयी. स्वप्नांच्या झोपेत अंगाचे स्नायू पार ढिले पडतात. ज्यांच्या घशाची वाट झोपेत मिटते, त्यांची ती नेमकी याच वेळी अधिक मिटते आणि मिटलेली राहतेही जास्त वेळ. दहा-दहा सेकंद, कधी त्याहून अधिक, श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, एक दणदणीत घोरणे बाहेर पडते, की पुन्हा झोप. सकाळी यातले काही म्हणता काही आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. परिभाषाकोशवाले कोणी यासाठी ‘निद्राश्वासरोध’ असे काहीतरी सुचवतील. पण तो शब्द जागेपणी उच्चारतानाही श्वास अडकायचा!

असे अडथळे तासाला ५ ते १५ असले तर दुखणे सौम्य, १५ ते ३० असले तर मध्यम आणि ३०च्या वर गेले की तीव्र. डोक्याला, छातीला तारा चिकटवून मला एक रात्र दवाखान्यात निजवले, तेव्हा माझा आकडा निघाला ४२. सात तासांच्या झोपेचा हिशेब केला तर जवळजवळ तीनशे.

मला ही बातमी होती. आमच्या सौभाग्यवतींना नव्हती. घोरण्यावर विनोद करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. शेजारी निजलेल्या माणसाला घोरण्याची सवय होते. भीती असते ती घोरणे थांबण्याची. “थांबले की मी मनात आकडे मोजायची,” ती डॉक्टरांना सांगत होती, “वीस झाले की यांना हलवायची.” किती वर्षे, असे डॉक्टरांनी विचारले. “धाकट्याच्या जन्माच्या आधीपासून,” ती म्हणाली. धाकटा आता सातवीत आहे. डॉक्टर काही न बोलता लिहीत राहिले आणि मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहत राहिलो.

मग घरात यंत्र आले. त्याचे नाव सी-पॅप. पुष्कळांचा समज असतो तसे ते प्राणवायू देत नाही. खोलीतलीच हवा गाळून, जराशा दाबाने, नळीतून आणि मुखवट्यातून नाकात सोडते. तो दाब घशाच्या वाटेला आतून टेकू देतो. १९८० साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून पहिले यंत्र जुळवले. त्यापूर्वी तीव्र दुखण्याच्या रोग्याच्या गळ्याला भोक पाडण्यावाचून फारसा मार्ग नसे. सुरुवातीच्या रोग्यांचे मुखवटे तर म्हणे रोज रात्री नाकाला चिकटवावे लागत. हे वाचल्यापासून मी डोक्यामागच्या पट्ट्यांविषयी कुरकुर करणे सोडले. आमच्या धाकट्याने मात्र पहिल्याच रात्री घरभर जाहीर केले, की बाबांना सोंड आली.

सोंड लावून झोप लागते. प्रश्न आहे तो ती टिकण्याचा. रात्री अकराला मुखवटा नाकावर असे आणि सकाळी उशीखाली सापडे. तीन-साडेतीनच्या सुमारास माझ्यातलाच कोणी झोपेत तो काढून ठेवी. या यंत्राच्या पोटात एक हजेरीपट असतो. त्यात रोज चार तास, सव्वाचार तास असे आकडे पडत. अमेरिकेतल्या सरकारी विमा योजनेत शेकडा सत्तर रात्री निदान चार-चार तास यंत्र चालले, की रोगी ते नीट वापरतो असे धरतात. म्हणजे मी पास! पण पस्तीस गुणांची किंमत मास्तराइतकी कोणाला कळणार? या प्रश्नपत्रिकेतले अवघड प्रश्न सगळे उत्तरार्धात आहेत, आणि पूर्वार्ध सोडवून दालनाबाहेर पडणाऱ्यांचे पुढे काय होते, ते मी दर वर्षी पाहतो.

झोपेतल्या माणसाला उपदेश करून उपयोग नसतो. तो मुखवटा का काढतो, ते हुडकावे लागते. माझ्याकडे पहिला चोर निघाला तो नाकच. कोरड्या वाऱ्याने ते आतून सुजे, मग तोंड उघडे, हवा तोंडावाटे पळे आणि जिभेचे पापड होत. यंत्राला पाण्याची एक टाकी असते; तिची ऊब एका आकड्याने वाढवली आणि बरेच निभावले. थंडीत मात्र तेच पाणी नळीत साचून हुक्क्यासारखी गुडगुड सुरू झाली, तेव्हा सौ.ने जुन्या रजईच्या कापडाची खोळ शिवून नळीला घातली. दुसरा चोर म्हणजे गळती. कूस वळली की कडेने फुसकारा डोळ्यांत येई. आपला पहिला विचार पट्टा आवळण्याचा असतो. पण फार आवळला तर मुखवट्याची मऊ कड चुरमडते आणि हवा अधिकच निसटते. तंत्रज्ञ मुलीने एक साधी गोष्ट सांगितली. “सर, बसून नाही, झोपून बांधायचा. आणि हवा चालू ठेवून.” बसल्या चेहऱ्याचा आणि निजल्या चेहऱ्याचा आकार वेगळा असतो, हे चाळिशी उलटल्यावर कळावे!

मध्येच जाग आलीच, तर एक कळ दाबून दाब पुन्हा सौम्यापासून सुरू करता येतो. दाब कमीजास्त करायचा तो मात्र डॉक्टरांना विचारूनच. पोटात हवा भरून सकाळी ढेकरा येत असतील, तर तेही त्यांनाच सांगावे.

एवढे करूनही काहींची झोप तुटतेच. रात्रीतून शेकडो वेळा दचकायला शिकलेला मेंदू आठवड्याभरात ते विसरत नाही. शिवाय काहींना निद्रानाश वेगळा जडलेला असतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. मला डॉक्टरांनी संध्याकाळी जागेपणी अर्धा तास मुखवटा लावून बसायला सांगितले. मी तो वह्या तपासताना लावू लागलो. तेव्हा एरवीही श्वास कोंडतोच.

आता हजेरीपटावर सहा, साडेसहा तास पडतात. अडथळ्यांचा आकडा पाचाच्या आत आहे. तीनला जाग येते ती सौ.ला. शांततेमुळे येते, असे ती म्हणते. अंधारात हात पुढे करून नळी जागेवर आहे की नाही एवढे चाचपते आणि कूस बदलते. आकडे मोजायचे तिने सोडले आहे. निदान मला तसे सांगते.

यंदा नरकचतुर्दशीच्या अंघोळीचा प्रश्न निघाला. सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान न करणारा नरकात जातो, हे आमच्या आईचे ठाम मत. आमच्या घरी त्या दिवशी गजर होतो तो चारला. मुलांनी उटणे-तेलाची तयारी मांडली, फटाके कोणी लावायचे ते ठरले. पहिला पाट माझा. सौ.ने आईंच्या देखतच निकाल दिला.

“नरकात जायचे तेव्हा जातील. यांना सहाच्या आधी कोणी उठवायचे नाही.”