आम्हाला म्हणे होडीचा नाद नाही!

"गोव्याच्या माणसाकडे बोटिंगची संस्कृतीच नाही." एका सरकारी बैठकीत हे वाक्य कानावर पडले. मी कोपऱ्यात बसून टिपणे घेत होतो. कारकुनाने बोलायचे नसते, टिपून घ्यायचे असते, म्हणून टिपून घेतले. साहेबांचे पुढचे म्हणणे असे की परदेशात हौशी होडीवाल्यांचा केवढा बंधुभाव! ओळखदेख नसताना हात हलवतात, एकमेकांची बंद पडलेली होडी ओढून नेतात. आपल्याकडे हे रुजवायचे तर मरिना हव्यात, क्रूझ हव्यात. तिथे गप्प बसलो. इथे बोलतो.

त्यानंतर काही महिन्यांनी एका लग्नासाठी आदिलाबादला जाणे झाले. (हो, तेलंगणातले आदिलाबाद. तरी मराठी सर्रास ऐकू येते. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होते, हे आपल्याकडे कितीजणांना ठाऊक असते?) लग्न आटोपले आणि मुलांनी हट्ट धरला म्हणून शहराजवळच्या एका तळ्यावर गेलो. पायडल मारायच्या होड्या, अर्ध्या तासाचे तिकीट, नारिंगी जाकिटे. रांगेत नंबरावरून एका तेलुगू गृहस्थाशी माझी चांगलीच जुंपली. तो तेलुगूत, मी मराठीत, त्यामुळे दोघांचेही समाधान झाले.

तळ्याच्या मध्यावर आमची होडी पाणवेलीत अडकली. पायडल फिरेना. मुलगी रडकुंडीला आली. तेवढ्यात तोच गृहस्थ होडी वळवून आला. बायकोची ओढणी मागून घेतली, आमच्या कडीला बांधली आणि दोघे नवराबायको धापा टाकत आम्हाला ओढू लागले. तिसऱ्या होडीतली कॉलेजची पोरे मागून ढकलत होती, तीही एकमेकांशी मराठीतच ओरडत. काठावर आल्यावर सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली. ओढणी पार चुरगळली होती, पण ती बाई हसत होती.

माणसे तीच. रांगेत आम्ही गिऱ्हाइके होतो. पाण्यावर प्रत्येकाच्या पायाखाली आपापले पायडल होते, आणि आज हा अडकला तर उद्या मी अडकेन, हे कुणी कुणाला सांगावे लागले नाही. समुद्रावर संकटातल्याला मदत करावी हे 1982 च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारात 98 व्या कलमात लिहिले आहे. आमच्या तारी-खारव्यांनी ते कलम कधी वाचले असेल असे वाटत नाही. पाळले मात्र जन्मभर.

आता मांडवीवरची क्रूझ बघा. तिकीट काढा, खुर्चीत बसा, कर्कश गाण्यावर नाचा, उतरा. शेजारच्या खुर्चीतला माणूस कोण हेही कळत नाही. सुकाणू दुसऱ्याच्या हाती, काळजीही दुसऱ्याला. कॅसिनोंची तर गोष्टच वेगळी. 1996 च्या दुरुस्तीने जुगाराला जहाजावर परवानगी मिळाली, म्हणून ती जहाजे. नांगर टाकून उभी असतात, आत शिरलेल्याला नदी दिसतही नाही. याला नौकाविहार म्हणायचे?

शिडाच्या होड्यांच्या क्लबात खरा स्नेह असतो, नाही म्हणत नाही. ती माणसे स्वतः दोर ओढतात, स्वतः भिजतात. पण मुंबईचा रॉयल यॉट क्लब 1846 चा, आणि इंग्रजी अमलात तिथे आपल्या माणसाला सभासद होता येत नव्हते. दार लावून घेतलेला बंधुभाव आम्ही नमुना म्हणून का घ्यावा?

आणि आमच्याकडे नाही कसे? गणेश चतुर्थीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला जाऊन पाहा. दोन होड्या एकमेकींना बांधतात, वर फळ्या टाकतात, की झाला सांगोड. त्यावर गणपती, मागून चित्रांचे देखावे, आणि काठावर सारा गाव. पोर्तुगीज अमलात शांतादुर्गा कुंभारजुवेकरणीला नदीपार माशेलला न्यावे लागले, त्याची ही आठवण. पळून जाण्याच्या आठवणीचा लोकांनी उत्सव केला! तिकडे बार्देशात 29 जूनला सां पेद्रच्या फेस्ताला ख्रिस्ती रांपणकारही होड्या बांधून सांगोडच करतात, त्यावर गातात, नाटके करतात. देव निराळे, शब्द एकच. साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत सजवलेल्या नौका सोडतात, ते आणखी वेगळे.

'योजनांची सांगड घालावी' असे मी फायलीत आठवड्यातून दोनदा तरी लिहितो. हा शब्द होड्यांचा आहे, हे त्या बैठकीत एकालाही आठवले नाही. मलाही नाही, खरे सांगायचे तर.

2016 च्या कायद्याने देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय झाले. त्यात मांडवी, झुवारी, कुंभारजुवे, शापोरा, म्हापसा आणि साळ, अशा आपल्या सहा. म्हणजे ज्या पाण्यावर सांगोड तरंगतो, त्याच्याबद्दल आता दिल्लीतही टिपणे लिहिली जातात. धक्का बांधायला कुणाची हरकत नाही. पण तो बांधताना तिथे रांपणकाराची होडी लागेल की फक्त क्रूझ, एवढा एक प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारला नाही. माझ्या टिपणात तो नाही, कारण कारकुनाने आपल्या मनचे लिहायचे नसते.

यंदा सातव्या दिवशी मी कुंभारजुव्याला जाणार आहे. साहेबांनाही बोलावीन म्हणतो. वल्हे मारता येते का, तेवढे आधी विचारून ठेवतो.